लवणारा रंग

सेंट लुईसमधल्या एका गृहस्थाकडे १९७४ची लाल कॉर्व्हेट होती, त्याच शहरातल्या कारखान्यातून बाहेर पडलेली. तिचं अंग फायबरग्लासचं, ताठ. बंपरची जात मात्र निराळी. ताशी पाच मैलांच्या धक्क्यात गाडीचे दिवे आणि इंधनाची टाकी शाबूत राहिली पाहिजेत, असा नियम अमेरिकन सरकारने केला, तेव्हा १९७३ साली पुढचा आणि १९७४ साली मागचा क्रोमचा बंपर गेला नि तिथे युरेथेनचं मऊ आवरण आलं. १९७४च्या मागच्या आवरणाला मधोमध उभी सांध असते. पुढच्याच वर्षी ते एकसंध झालं, त्यामुळे जाणकार ही गाडी पाठमोरीसुद्धा ओळखतात.

उन्हापावसाने या आवरणाला लाटा पडल्या होत्या, रंग तडकला होता. मालक एका वयस्कर रंगाऱ्याकडे गेला. "मला मागचा बंपर अंगासारखा सरळ आणि अंगासारखाच चकचकीत हवा."

रंगाऱ्याने आवरण अंगठ्याने दाबून पाहिलं. "चकचकीत करून देतो. सरळ होईल तेवढा करतो, पण कडक लांबी भरणार नाही. हा दबतो आणि परत येतो. वर जे काही चढेल, ते त्याच्याबरोबर दबायला हवं. वेळ लागेल."

मालकाला ते पटलं नाही. दुसऱ्या गॅरेजवाल्याने आठवड्यात काम करून दिलं. लाटांमध्ये लांबी भरली, लाकडी ठोकळ्याला पेपर लावून घासून सपाट केली आणि वर रंगाचे जाड हात दिले. त्याला दोष देता येणार नाही. गिऱ्हाइकाने मागितलं तेच त्याने दिलं. बंपर आरशासारखा दिसू लागला आणि मालक ज्याला त्याला तो दाखवत सुटला.

जानेवारीत, पारा शून्याखाली असताना, गाडी मागे घेताना ती एका खांबाला हलकेच टेकली. आवरणाने आपलं काम चोख केलं. दबलं, परत आलं. लांबी आणि रंग मात्र परत आले नाहीत. तळहाताएवढा पोपडा सुटून बर्फात पडला आणि बाकीच्या बंपरवर तडे धावले.

मालक पुन्हा पहिल्या रंगाऱ्याच्या दारात उभा राहिला. झाल्या गोष्टीबद्दल एक शब्द न काढता रंगाऱ्याने आवरण उतरवून घेतलं.

खरं कसब इथून पुढे आहे. रंग काढायचं रसायन त्याने वापरलं नाही, कारण त्याने युरेथेन फुगतं. सगळा जुना थर हाताने घासून काढला. साबणाच्या कोमट पाण्याने आवरण धुतलं, मग मेण आणि सिलिकॉन उतरवणाऱ्या द्रवाने पुसलं. एका फडक्याने लावायचं, दुसऱ्या कोरड्या फडक्याने लगेच टिपायचं. बोटाचा तेलकट ठसा राहिला तरी रंग तिथे धरत नाही. बारीक पेपर मारून झाल्यावर त्याने आवरण रात्रभर नुसतं ठेवून दिलं, कारण मऊ माल द्रव शोषून घेतो आणि तो नंतर रंगाखालून वर येतो. चिरा लवचीक लांबीने भरल्या. अस्तरात आणि वरच्या पारदर्शक थरात लवचीकपणा आणणारं द्रव्य मिसळलं. प्रत्येक हात पातळ, आणि आधीचा सुकल्याशिवाय पुढचा नाही.

"अजून घासतच आहात?" मालक मधेच येऊन म्हणाला.

रंगाऱ्याने जुन्या युरेथेनच्या दोन रंगवलेल्या पट्ट्या त्याच्या हातात दिल्या. "वाकवा." पहिलीचा रंग कडकन तडकला. दुसरी बोटाभोवती गुंडाळली गेली नि सोडताच सरळ झाली. त्यानंतर मालकाने घाई केली नाही.

बंपर बसवला, तेव्हा उजेडात तो अंगापेक्षा किंचित वेगळ्या छटेचा दिसत होता आणि एका कोपऱ्यात जुनी लाट पुसटशी उरली होती.

"छटा जुळली नाही," मालक म्हणाला.

"नव्या गाडीतही अशीच असायची. अंगाचा रंग वेगळा आणि या भागांचा वेगळा," रंगारी म्हणाला. "ती लाटही काढता येते, फायबरग्लासचा बंपर बसवून. मिळतो बाजारात. अगदी सरळ असतो, फक्त धक्का लागला की फुटतो."

मालकाने गुडघा टेकवून बंपर दाबला. आवरण आत गेलं, परत आलं, रंग जागच्या जागी. उठून त्याने गाडीची किल्ली पुन्हा रंगाऱ्याच्या हातात ठेवली.

"पुढचाही काढा," तो म्हणाला. "आणि लागेल तेवढा वेळ घ्या."