आजचं चिंतन : शेत, शेतकरी आणि ओठावरचा ठिपका



आपल्या रोजच्या क्रमाने आज गीतेचा तेरावा अध्याय लागला. भगवंत सुरुवातीलाच सांगतात की हे शरीर म्हणजे क्षेत्र, आणि त्याला जो जाणतो तो क्षेत्रज्ञ. क्षेत्र म्हणजे शेत. आपल्या खान्देशी माणसाला याहून सोपी उपमा कोणती देणार? शेतकरी शेतावर जीव टाकतो, पण "मी म्हणजेच हे शेत" असं काही तो म्हणत नाही.

या अध्यायाचं आपल्या मातीशी आणखी एक नातं आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी एक अध्याय याप्रमाणे गीता सांगितली. २१ फेब्रुवारीला सुरुवात झाली आणि १९ जूनला अठरावा अध्याय पूर्ण झाला. साने गुरुजींनी ती लिहून घेतली, म्हणून 'गीता प्रवचने' आज आपल्या हातात आहे. रविवार मोजत गेलं तर तेरावा अध्याय मेच्या मध्यावर येतो. धुळ्याचा मे महिना, तुरुंगाच्या भिंती, आणि विषय देह व आत्मा यांच्या वेगळेपणाचा. देह हे साधन आहे, त्याची निगा राखावी, पण त्यालाच 'मी' समजू नये, हा त्या सांगण्याचा गाभा. ऐकणाऱ्यांचे देह तर कोंडलेलेच होते. त्यांना ते किती जवळचं वाटलं असेल!

आता आजच्या प्रश्नाकडे येतो. आपल्या वाचनात असणाऱ्या धुळ्याच्या एका ताईंनी मध्यंतरी मला फोन केला. म्हणाल्या, "दादा, माझ्या खालच्या ओठावर निळा-जांभळा ठिपका आलाय. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले काही धोका नाही, ठेवला तरी चालेल. पण मला तो काढून घ्यायचाय. तीन महिन्यांनी मुलीचं लग्न आहे. घरात सगळे म्हणतात, या वयात कसली हौस? रोज गीता वाचणाऱ्या बाईला तोंडाची एवढी काय पडलीय? मला खरं सांगा, हे चुकीचं आहे का?"

ताईंनी मलाच विचारलं, कारण तसाच ठिपका माझ्याही ओठावर आहे. डाव्या बाजूला, मोहरीपेक्षा मोठा, मसुरापेक्षा लहान. मी तो काढलेला नाही. त्यांना वाटलं असावं की दादांनी ठेवला म्हणजे ठेवणंच धर्माला धरून आहे. तसं नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

आधी ही गोष्ट काय आहे ते सांगतो. डॉक्टर याला व्हीनस लेक म्हणतात, म्हणजे शिरेचं तळं. १९५६ साली बीन आणि वॉल्श या दोन अमेरिकन डॉक्टरांनी त्याचं वर्णन लिहिलं, तेव्हापासून हे नाव चालतं. वय पन्नाशीच्या पुढे गेलं आणि वर्षानुवर्षं ऊन लागलं की ओठाच्या कातडीखालचा आधार सैल पडतो. मग एखादी बारीक शीर फुगते आणि तिच्यात रक्त साचून राहतं. बांध खचला की पाणी साचून डबकं होतं ना, तसंच. आमच्याकडे जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. डोक्याला रुमाल बांधतो आपण, पण ओठ उघडाच. खालचा ओठ जरा पुढे असतो, ऊन आधी त्याच्यावर पडतं.

हा ठिपका मऊ असतो, दुखत नाही. काचेच्या पट्टीने दाबला की रक्त बाजूला सरतं आणि तो फिका पडतो, पट्टी काढली की पुन्हा भरतो. माझ्या डॉक्टरांनीही असंच दाबून पाहिलं. हा कॅन्सर नव्हे, आणि त्याचा कॅन्सर होतही नाही. चुकून दात लागला किंवा दाढी करताना ब्लेड लागलं तर रक्त मात्र बरंच येतं.

हे आता शांतपणे लिहितोय. पण ठिपका दिसल्यापासून डॉक्टरांकडे जाईपर्यंतचे चार दिवस मला आठवतात. आमच्या घरातला एक माणूस तोंडाच्या कॅन्सरने गेलेला आहे. आपल्या भागात तंबाखू किती घरांत आहे, हे वेगळं सांगायला नको. ओठावर काळं-निळं काही दिसलं की मन थेट तिथेच जातं. त्या चार दिवसांत पोथी उघडायचो, डोळे ओळीवरून फिरायचे आणि जीभ ओठावरून. म्हणून मी देहापलीकडे गेलेला माणूस म्हणून हे सांगतोय असं कुणी समजू नका.

आता मूळ प्रश्न. देहाची निगा कुठे संपते आणि देहाचा मोह कुठे सुरू होतो?

पहिली गोष्ट. भगवंतांनी क्षेत्रज्ञ हा शब्द वापरलाय, म्हणजे जाणणारा. आपल्यातले कितीतरी जण अंगावरचं दुखणं वर्षभर दाखवत नाहीत आणि वर म्हणतात, "देह तर नाशवंतच आहे, काय दाखवायचंय?" ऐकायला वैराग्य वाटतं, पण बहुतेक वेळा आत भीती असते. याच अध्यायात पुढे ज्ञानाची लक्षणं येतात. माउलींनी ज्ञानेश्वरीत त्यांच्यावर किती भरभरून सांगितलंय, ते आपण पुढच्या आठवड्यात वाचूच. त्या लक्षणांत जन्म, मृत्यू, म्हातारपण आणि रोग यांच्यातला दोष पुन्हा पुन्हा पाहणं हेही एक लक्षण आहे. पाहणं! डोळे मिटून घेणं नव्हे. शौचही त्याच यादीत आहे, म्हणजे शरीराची स्वच्छता, निगा ही काही अज्ञानाची खूण मानलेली नाही.

शेतकऱ्याचंच बघा. बांधावर गवत उगवलं तर तो लगेच विळा घेऊन धावत नाही. ते पिकाला खात नाही, राहू दे म्हणतो. पण गाजरगवत दिसलं तर फुलावर यायच्या आत उपटतो. दोन्ही हिरवंच असतं. फरक ओळखीचा आहे. ज्याने वाकून पाहिलंच नाही त्याने "राहू दे" म्हणणं हे वैराग्य नव्हे, तो आळस तरी आहे नाहीतर भीती तरी. ज्याने पाहिलं, ओळखलं, त्याच्या "राहू दे"ला अर्थ आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. या अध्यायात क्षेत्रात काय काय येतं याची यादी दिली आहे. आपल्याला वाटतं, शेत म्हणजे हाडं, मांस, कातडी. पण भगवंत त्यात इच्छा घालतात, द्वेष घालतात, सुख आणि दुःखही घालतात. म्हणजे ओठावरचा ठिपका जसा शेतातला, तशी त्या ठिपक्याची लाजही शेतातलीच. तो काढावा ही इच्छा शेतातली. आणि मंडळी, "मी बघा कसा ठेवलाय, मला काही वाटत नाही" हा माझ्या मनातला बारीक अभिमान, तोही शेतातच उगवतो. काढणारा खाली आणि ठेवणारा वर, असं गीता कुठेच म्हणत नाही. दोघांनीही आपापल्या मनात काय उगवलंय ते बघायचंय.

म्हणून मी ताईंना एवढंच विचारलं, "काढलं नाही तर तुम्ही लग्नात कशा वागाल?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "दादा, तोंडावर पदर धरून फिरेन. फोटोत मागे उभी राहीन. सगळे विचारत बसतील, मी सांगत बसेन. लेकीकडे बघायचं राहूनच जाईल." मला त्यात हौस ऐकू आली नाही. मुलीच्या लग्नात मुलीकडे मन लागावं, एवढंच मागणं होतं ते. मी म्हटलं, "मग निर्धास्त काढून घ्या." गंमत अशी, की ज्या घरात "या वयात कसली हौस" म्हणाले, त्याच घरात लग्नाआधी केसांना कलप लागणार आहे. त्याबद्दल कुणी गीता आठवून दिलेली नाही.

मी माझा ठेवला, कारण मला तो अडवत नाही. जेवताना नाही, पोथी वाचताना नाही. उद्या रोज दाताखाली यायला लागला तर मीही काढीन. त्यात माझी गीता बुडणार नाही.

मात्र एक कसोटी लावावी. ज्या गोष्टीसाठी काढतोय ती काढल्यावर संपणार आहे का? ताईंची संपेल. पण आज ठिपका, उद्या सुरकुती, परवा रंग, असं मन पुढे पुढेच पळत असेल, तर तिथे लेझर चालत नाही. तिथे तण वेगळं आहे आणि ते उपटायची जागाही वेगळी आहे.

तिसरी गोष्ट पाहणाऱ्यांसाठी, म्हणजे आपल्या सगळ्यांसाठी. माझ्या ठिपक्याने मला जेवढा त्रास दिला नाही तेवढा लोकांच्या विचारण्याने दिला. बाजारात कुणी सहज विचारतं, "काय जयं भाऊ, ओठले?" त्यात माया असते, त्याचं काही वाटत नाही. पण कुणी तोंडावर म्हणतं, "तंबाखू सोडा आता." आयुष्यात कधी पुडी हातात धरली नाही मी. बायकांना तर याहून वाईट ऐकावं लागतं. नवऱ्याने मारलं का, इथपर्यंत.

आपल्या भाषेत लांछन हा शब्द कसा बदललाय पाहा. मुळात लांछन म्हणजे नुसती खूण. आपला पांडुरंग छातीवर श्रीवत्सलांछन मिरवतो. भृगू ऋषींच्या लाथेची ती खूण, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलोय. देवाने ती पुसली नाही, आणि आपणही त्या खुणेसकट त्याच्या पायावर डोकं ठेवतो. पण माणसाच्या अंगावर खूण दिसली की त्याच शब्दाचा अर्थ आपण कलंक करून टाकला. ज्ञानाच्या लक्षणांत अहिंसाही आहे, मंडळी. ती फक्त हाताची नसते. दुसऱ्याच्या चेहऱ्याबद्दल बोलायच्या आधी जीभ एक क्षण आवरणं, हीही अहिंसाच.

आता थोडं व्यवहाराचं. मी डॉक्टर नाही. पण हे वाचून कुणी आपल्या ओठावरचा ठिपका घरच्या घरी "निरुपद्रवी" ठरवून मोकळं होऊ नये, म्हणून लिहितो. ओठावर नवीन काहीही दिसलं तर त्वचेच्या किंवा दातांच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच. ते कडक लागत असेल, दाबल्यावर फिकं पडत नसेल, भराभर वाढत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, काही न लागता रक्त येत असेल, किंवा दोन-तीन आठवडे न भरणारी जखम असेल, तर आजच जा. तंबाखू खाणाऱ्याने तर टाळूच नये. चामखिळीला लावतात तसा चुना लावणं, केस बांधणं, सुईने टोचणं यातलं काहीही करू नका. ती रक्ताने भरलेली शीर आहे.

काढायचं ठरलं तर लेझर आहे, अतिथंड द्रव नायट्रोजनने गोठवणं आहे, विजेच्या सुईने जाळणं आहे, कधी टाका घालून कापूनही काढतात. बहुतेक वेळा दवाखान्यातलं थोड्या वेळाचं काम असतं. नंतर काही दिवस ओठ सुजतो, खपली धरते. कधी पुन्हा एकदा करावं लागतं, कधी बारीक वण राहतो. म्हणून लग्नकार्याच्या तोंडावर करू नये, हाताशी वेळ ठेवावा. आणि ठेवा किंवा काढा, उन्हात जाताना रुमाल ओठावरूनही घ्या, कारण ऊन तेच आहे.

ताईंचं काम झालं. फोनवर सांगत होत्या, खपली पडली, आता लग्नाच्या याद्या सुरू आहेत. ठिपक्याचा विषय पाच मिनिटांत संपला आणि आम्ही अध्यायावर बोलत बसलो.

आजचा संकल्प : अंगावरची जी गोष्ट दाखवायची टाळतोय ती या आठवड्यात डॉक्टरांना दाखवायची. आणि आज दिवसभर कुणाच्याही चेहऱ्याबद्दल, रंगाबद्दल, अंगावरच्या खुणेबद्दल आपणहून एक शब्दही काढायचा नाही.

आजची प्रार्थना : हे पांडुरंगा, हे शेत तू कसायला दिलंस. ते नीट पाहण्याची हिंमत दे, त्याची निगा राखण्याची बुद्धी दे, आणि ते परत द्यायची वेळ येईल तेव्हा कुरकुर न करता देता येऊ दे.

उद्या ज्ञानाच्या पहिल्या लक्षणापासून पुढे वाचू. अमानित्व.

राम कृष्ण हरी.