प्रत्येक वेदना क्रूस असते का?



आजाऱ्याच्या घरी गेले, मयताला गेले किंवा कोणाच्या संसारातली अडचण कानी आली, की आपणा सर्वांच्या तोंडी एक वाक्य सहज येते : ‘हा तुमचा क्रूस आहे. संतांनी याहून कितीतरी अधिक सोसले.’ वाक्य खोटे नाही. परंतु ते आता कोणत्याही दुखण्यावर लावायचे मलम झाले आहे. कॅन्सरच्या रुग्णाला आपण ते सांगतो, दारुड्या नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला सांगतो, आणि लाच घेत नाही म्हणून ऑफिसात एकट्या पडलेल्या तरुणालाही तेच सांगतो. तिघांची वेदना खरी आहे. पण ज्यांच्या नावाने आपण हे सांगतो, त्या पहिल्या तीन शतकांतील ख्रिस्ती लोकांनी या तिघांना एकच उत्तर दिले असते का? मला तसे वाटत नाही.

प्रथम शब्दाकडे पाहू. इंग्रजीतील ‘मार्टर’ हा शब्द मूळ ग्रीक ‘मार्तुस’वरून आला. त्याचा अर्थ साक्षीदार. म्हणजे तो कोर्टातला शब्द आहे. मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत. ‘हुतात्मा’ हा यज्ञातला. ज्याने स्वतःची आहुती दिली तो. शब्द थोर आहे, मुंबईच्या हुतात्मा चौकातून जाताना आजही मान लवते. परंतु त्यातला भर मरणावर आहे. आपल्या ख्रिस्तसभेत रूढ असलेला ‘रक्तसाक्षी’ हा शब्द मला अधिक नेमका वाटतो. नुसते रक्त सांडले म्हणून कोणी रक्तसाक्षी होत नाही. साक्ष दिली, ती मागे घेतली नाही आणि त्यापायी रक्त सांडले, असा तो क्रम आहे. संत ऑगस्टीन यांना हे पुन्हा पुन्हा सांगावे लागले, कारण त्यांच्या काळी उत्तर आफ्रिकेतील डोनॅटिस्ट पंथाचे लोक आपला झालेला छळ पुढे करून ‘आम्हीच खरे ख्रिस्ती’ असे म्हणत. ऑगस्टीन यांचे म्हणणे असे, की माणूस रक्तसाक्षी ठरतो तो त्याला झालेल्या शिक्षेमुळे नव्हे, तर ज्या कारणासाठी ती झाली त्या कारणामुळे. कालवारीवर तीन क्रूस होते, आणि तिन्हींवरची शिक्षा सारखीच होती.

इ. स. १६५ च्या सुमारास रोममध्ये संत जस्टिन यांचा खटला चालला. जस्टिन आजच्या पॅलेस्टाईनमधील नाब्लुस येथे जन्मलेले, पेशाने तत्त्वज्ञ. ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी तत्त्वज्ञाचा झगा उतरवला नाही. समोर न्यायासनावर बसलेला रुस्टिकस हाही तत्त्वज्ञच. स्टोइक विचारांचा आणि सम्राट मार्कस ऑरेलियसचा गुरू. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना या खटल्याचे मला फार कुतूहल वाटे. दोन तत्त्वज्ञ समोरासमोर, म्हणजे मोठा वादविवाद झाला असेल अशी अपेक्षा! प्रत्यक्षात खटल्याची नोंद अगदी थोडकी आहे. तुम्ही कोठे जमता, काय मानता, असे रुस्टिकस विचारतो. शेवटी विचारतो, डोके उडवले तर स्वर्गात जाशील असे तुला वाटते काय? जस्टिन सांगतात, नुसते वाटत नाही, मला ते ठाऊक आहे. त्यांच्याबरोबर आणखी सहा जण होते. त्यांत कारितो नावाची एक स्त्री होती आणि सम्राटाच्या घरचा एक गुलामही होता. सातही जणांनी तीच साक्ष दिली.

मार्कस ऑरेलियसने आपल्या टिपणवहीत ख्रिस्ती लोकांचा उल्लेख एकदाच केला आहे, आणि तो नापसंतीचा. मरणाची तयारी विचारातून यावी, ख्रिस्ती लोकांसारखी केवळ हट्टातून नको, असा त्याचा आशय. आक्षेप बिनतोड नसला तरी क्षुल्लकही नाही. विश्वास आणि हट्ट यांत फरक कसा करायचा? स्टोइकांच्या मते शहाण्याला वेदना स्पर्शच करीत नाही. तो आतून अभेद्य असतो. ख्रिस्ती लोकांनी असा दावा केला नाही. याचा उत्तम पुरावा राणीवशातला नाही, एका गुलाम मुलीचा आहे.

इ. स. २०३ मध्ये कार्थेज येथे (आजच्या ट्युनिशियात) काही तरुण दीक्षार्थींना पकडण्यात आले. त्यांत पर्पेच्युआ ही बावीस वर्षांची, खानदानी घरातली, अंगावर पिते मूल असलेली स्त्री होती. तिने तुरुंगात स्वतः लिहिलेली टिपणे आज आपल्याला वाचता येतात. तिच्यासोबत फेलिसिटी ही गुलाम मुलगी आठ महिन्यांची गरोदर होती. गरोदर स्त्रीला मृत्युदंड देण्यास रोमन कायद्याची मनाई होती, त्यामुळे आपण मागे राहू, नंतर कोणा गुन्हेगारांसोबत एकटे मरावे लागेल, याचेच तिला दुःख. सर्वांनी प्रार्थना केली आणि ती तुरुंगातच बाळंत झाली. आठव्या महिन्यातली प्रसूती. ती वेदनेने ओरडली. एक पहारेकरी कुत्सितपणे म्हणाला, आताच एवढी विव्हळतेस, मग श्वापदांपुढे काय करशील? तिने दिलेले उत्तर असे, की आता मी सोसते आहे ते माझे मी सोसते आहे. तेथे मात्र माझ्या ठायी दुसरा कोणी असेल, तो माझ्यासाठी सोसेल, कारण मी त्याच्यासाठी सोसणार आहे.

बंधुभगिनींनो, हे उत्तर मी अनेकदा वाचले आहे आणि त्यातला पहिला भाग मला दुसऱ्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. बाळंतपणाच्या कळांना तिने ‘साक्ष’ म्हटले नाही. दुखते आहे म्हणून ती ओरडली आणि त्याची तिला लाज वाटली नाही. आपल्या दोन वेदनांमधला फरक तिला स्वतःला कळत होता. हट्टी माणसाला तो कळत नाही.

आता दुसरी गोष्ट. छळ ओढवून घेऊ नये, ही शिकवण अगदी जुनी आहे. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी निघून जा, असे खुद्द प्रभू येशूने शिष्यांना सांगितले (मत्तय १०:२३). इ. स. १५५ च्या सुमारास स्मर्णा येथे (आजचे तुर्कस्तानातील इझमीर) वृद्ध बिशप संत पॉलिकार्प यांना जिवंत जाळण्यात आले. त्या घटनेचा वृत्तान्त तेथील ख्रिस्तसभेने पत्राने कळविला. त्यात क्विंटस नावाचा एक मनुष्य आहे. तो आपण होऊन अधिकाऱ्यांपुढे गेला, इतरांनाही घेऊन गेला, आणि श्वापदे पाहताच गळाठला. त्याने देवतांना बळी वाहिला. पॉलिकार्प मात्र लोकांच्या आग्रहाखातर शहराबाहेरच्या मळ्यात जाऊन राहिले होते. सापडले तेव्हा पळाले नाहीत. पकडायला आलेल्यांना त्यांनी जेवू घातले. पत्र लिहिणारे स्पष्ट म्हणतात, की स्वतःहून पुढे जाणाऱ्यांची आम्ही वाखाणणी करीत नाही, कारण शुभवर्तमान तसे शिकवीत नाही. पुढे चौथ्या शतकाच्या आरंभी स्पेनमधील एल्विरा येथील धर्मसभेने तर असा नियम केला, की मूर्ती फोडायला जाऊन जो मारला जाईल त्याचे नाव रक्तसाक्षींत धरू नये. आणि ओरिजेनची आई! वडिलांना तुरुंगात टाकल्यावर हा मुलगा रक्तसाक्षी व्हायला निघाला, तेव्हा त्या माउलीने त्याचे कपडेच लपवून ठेवले. इतिहासकार युसेबियसने ही हकिकत नोंदवली आहे. ती वाचून मला आपल्या कितीतरी आया आठवतात.

हे सारे एवढ्यासाठी सांगितले, की मार खाणाऱ्या त्या भगिनीला ‘क्रूस समजून सोस’ असे सांगताना आपण रक्तसाक्षींचा दाखला देऊ शकत नाही. (अशा भगिनी एकीपेक्षा अधिक आहेत. हे वाचून कोणी कोणाचा शोध घेऊ नये.) तिला कोणीही ‘ख्रिस्त नाकार’ म्हणत नाही. तिच्या गप्प बसण्याने कशाची साक्ष दिली जाते? मुलांपुढे दिली जाणारी साक्ष एवढीच, की बलवानाने दुबळ्याला मारले तरी घरात आणि देवळात त्याला जागा आहे. पॉलिकार्प मळ्यात गेले ते भित्रेपण नव्हते, तर तिने माहेरी जाणे किंवा पोलिसांत जाणे भित्रेपण कसे?

यावर कोणी विचारील, आणि विचारणे योग्यच आहे, की पेत्राच्या पहिल्या पत्रात अन्यायाने आलेले दुःख सोसावे असे नाही का? आहे (१ पेत्र २:१८-२५). परंतु ते लिहिले आहे गुलामांना, ज्यांना धन्याचे घर सोडण्याची सोयच नव्हती. ज्याला दार नाही त्याला दिलेला धीर हा, ज्याला दार आहे त्याच्यासाठी कुलूप करता येत नाही. खुद्द प्रभूने आपला प्राण स्वखुशीने दिला, त्याची वेळ आल्यावर. त्याआधी नासरेथकर त्याला कड्यावरून ढकलून द्यायला निघाले तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला (लूक ४:२९-३०), आणि मंदिरात लोकांनी दगड उचलले तेव्हाही तो तेथे थांबला नाही (योहान ८:५९). ख्रिस्तसभेचा कायदाही हेच सांगतो. १९८३ च्या धर्मसंहितेतील ११५३ व्या कलमानुसार जोडीदारामुळे शरीराला किंवा आत्म्याला गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्याचा न्याय्य हक्क आहे, आणि उशीर करणे धोक्याचे असेल तर परवानगीसाठी थांबण्याचीही गरज नाही. कारण संपले की संसार पुन्हा जोडावा, असेही ते कलम म्हणते. पण कारण संपले पाहिजे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात लिहिले, की कधी कधी असे वेगळे होणे नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरते. देशाचा २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदाही तिच्या बाजूने आहे. क्षमा करावी लागेल, ती ख्रिस्ती माणसाला चुकत नाही. क्षमा करायला त्याच छताखाली राहावे लागत नाही.

आजाऱ्याबद्दल थोडेच लिहितो, कारण त्याच्या अंथरुणाशी बसणे हे लिहिण्यापेक्षा बरे. त्याला पळायला वाट नाही. तो आपली वेदना प्रभूच्या वेदनेशी जोडू शकतो, आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ च्या आपल्या पत्रात याविषयी फार खोलवर लिहिले आहे. परंतु ‘देवाला अर्पण करतो’ म्हणून कोणी वेदनाशामक औषध नाकारू लागला, तर त्याला ते घ्यायला सांगा. पोप पायस बारावे यांनी १९५७ सालीच त्यास मोकळीक दिली आहे.

राहिला तो तरुण. तिघांत रक्तसाक्षींच्या सर्वांत जवळचा तोच, आणि त्यालाच आपण सर्वांत कमी समजून घेतो. ‘व्यवहार बघ जरा’ असे त्याला घरातूनच ऐकावे लागते.

इ. स. २५० मध्ये सम्राट डेसियसच्या हुकमाने साम्राज्यातील रहिवाशांना देवतांना बळी वाहून सरकारी समितीकडून तसा दाखला घ्यावा लागला. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. एकावर ऑरेलियस डायोजेनिस नावाच्या बहात्तर वर्षांच्या गृहस्थाची नोंद आहे. ओळखीची खूण, उजव्या भुवईवर व्रण. तो ख्रिस्ती होता असे नव्हे, दाखला सर्वांनाच लागे. कितीतरी ख्रिस्ती लोकांनी बळी वाहिला. कितीतरी जणांनी तोडगा काढला : अधिकाऱ्याच्या हाती पैसे ठेवायचे, बळी वाहायचा नाही, दाखला मात्र मिळवायचा. हात शुद्ध, मनही शुद्ध, फक्त एक कागद! जमिनीच्या व्यवहारात खोटी किंमत लिहिताना, खोटे बिल जोडताना, न केलेल्या कामाच्या पूर्ततेवर सही करताना आपण हेच म्हणतो. त्या काळी नकाराची किंमत तुरुंग, हद्दपारी, प्रसंगी प्राण ही होती; आज फार तर बढती किंवा बदली. तरीही ख्रिस्तसभेने त्या कागदाला पापच म्हटले, कारण तो खोट्या साक्षीचा कागद होता. साक्षीदाराचे पाप तेच, दुसरे कोणते?

पण ज्यांनी सही केली त्यांचे काय? येथे कार्थेजचे बिशप संत सिप्रियन मला फार जवळचे वाटतात. छळ सुरू होताच ते लपले, आणि त्याबद्दल त्यांना बरेच ऐकून घ्यावे लागले. छळ ओसरल्यावर पडलेले लोक परत दाराशी आले. रोमचा नोव्हेशियन म्हणे, यांना कदापि आत घेऊ नका. दुसरीकडे काही जण म्हणत, ताबडतोब घ्या, विचारपूस कशाला? सिप्रियन आणि २५१ ची कार्थेजची धर्मसभा दोहोंच्या मधून गेली. ज्यांनी फक्त दाखला घेतला त्यांची एकेकाची चौकशी करून त्यांना आत घेण्यात आले. ज्यांनी बळी वाहिला त्यांना दीर्घ प्रायश्चित्त आणि मरणसमयी समेट. एक-दोन वर्षांत नव्या छळाची चिन्हे दिसू लागली, तेव्हा प्रायश्चित्त करणाऱ्या सर्वांनाच समेट देण्यात आला. कारण असे दिले, की ज्यांना आपण ख्रिस्ताच्या रक्ताचा प्याला नाकारतो, त्यांच्याकडून ख्रिस्तासाठी रक्त सांडण्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? प्यालावाटप बक्षिसासारखे नव्हे, शिदोरीसारखे झाले. लपलेले सिप्रियन १४ सप्टेंबर २५८ रोजी आपल्याच शहरात, लोकांदेखत, तलवारीखाली गेले. मारेकऱ्याला पंचवीस सुवर्णनाणी द्यावीत असे त्यांनी सांगून ठेवले होते.

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचा क्रूस १५९७ साली नागासाकीच्या टेकडीवर उभा राहिला, तो याच परंपरेतला. त्यांच्याविषयी सणाच्या वेळी सविस्तर लिहीन.

पर्पेच्युआ आणि फेलिसिटी यांना ७ मार्च रोजी रिंगणात सोडण्यात आले. मिस्साबलिदानातील पहिल्या युखरिस्त प्रार्थनेत त्यांची नावे येतात, ती प्रार्थना लांब असल्याने सहसा ऐकू येत नाही एवढेच. फेलिसिटीला तुरुंगात झालेली मुलगी होती. मूळ वृत्तान्तात तिच्याविषयी एकच ओळभर मजकूर आहे : धर्ममंडळीतील एका भगिनीने तिला आपली मुलगी म्हणून वाढविले. त्या भगिनीचे नाव लिहिलेले नाही.

तुमचा धर्मगुरू