लहान घर, ऐसपैस संसार

मुंबईत वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात उभ्या राहिल्या. एकेक खोली साधारण १६० चौरस फुटांची. तेवढ्या जागेत सहा-सात माणसांचे संसार सुखानं नांदले.

ते कसं जमलं? सकाळी अंथरुणांच्या वळकट्या होऊन कॉटखाली जात आणि झोपायची खोली बैठकीची होई. वर पोटमाळा, कोपऱ्यात मोरी, भिंतीला फळी. फळीवर चिंचेनं घासलेले पितळी डबे उतरत्या उंचीनं मांडलेले. त्यांवर ऊन पडलं की सगळी भिंत उजळून निघे. घराची शोभा हीच! रोजच्या वापरातली वस्तू स्वच्छ आणि जागच्या जागी असली की वेगळी सजावट लागत नाही.

मोठ्या घरात अडगळ दाराआड ढकलता येते. लहान घरात ती पायात येते. म्हणून प्रत्येक वस्तू निवडून घ्यावी लागते आणि त्या निवडीतूनच घराला नेटकेपणा येतो. पाहुणा आला की सगळे थोडे सरकून बसतात, आणि घर पुरतं.

आज घरातला एकच कोपरा निवडा. वर्षभर हात न लागलेली वस्तू गरजूला द्या. मोकळी झालेली जागा मात्र लगेच भरू नका. तिथे सकाळचं ऊन येऊ द्या.