फिरंग्याचे नाव, सुनेचे नाव

फराळाच्या ताटाशेजारी ठेवायच्या अंकात उपदंशाचा विषय कशाला, असे कोणी विचारील. विचारणे रास्तच आहे. ज्याला आपण ‘गुप्तरोग’ म्हणतो त्याचे नाव घेताना आवाज आपोआप खाली येतो. मी वैद्य नव्हे, मराठी शिकवणारा मास्तर आहे. तेव्हा नावापासूनच सुरुवात करतो.

१४९५ साली फ्रेंच राजा आठवा चार्ल्स याचे सैन्य नेपल्समध्ये शिरले आणि त्याच सुमारास या रोगाने युरोपात थैमान घातले. इटालियनांनी त्याला फ्रेंचांचा रोग म्हटले. फ्रेंचांनी नेपल्सचा म्हटले. आपल्याकडे सोळाव्या शतकात भावमिश्राने ‘भावप्रकाश’ ग्रंथात त्याला ‘फिरंग’ ठरवले, कारण फिरंग्यांच्या देशात तो फार! स्वतःच्या गावाचे नाव मात्र कोणीही दिले नाही. रोग जिथे दिसला तिथूनच तो आला, असे मानण्याची माणसाला भारी घाई असते.

राष्ट्रांचे राहू द्या. घरात काय होते? सून गरोदर राहते, पहिल्याच तपासणीत रक्त घेतात, त्यात ‘व्हीडीआरएल’ असते. नवऱ्याचे रक्त बहुधा कोणी घेतच नाही. म्हणजे घरात रोग असला तर तो प्रथम सापडणार तिच्या अंगात. आणि सापडला की तो तिचाच! वस्तुतः हा रोग मोठा लबाड. पहिला व्रण दुखत नाही, काही आठवड्यांत आपोआप भरतो. पुढे तळहातांवर-तळपायांवर पुरळ येते, तेही जाते. मग वर्षानुवर्षे काही नाही. आणि काहींच्या बाबतीत पुष्कळ काळाने हृदय, मेंदू किंवा डोळे धरतो. कोणाकडून कोणाला लागला, हे रक्ताच्या कागदावर लिहिलेले नसते. इतकेच नव्हे, ही चाचणी कधीकधी रोग नसतानाही, अगदी गरोदरपणामुळेही, ‘आहे’ म्हणते. म्हणून दुसऱ्या प्रकारच्या चाचणीने खात्री करावी लागते. पण सुनेचा न्याय करताना दुसऱ्या चाचणीपर्यंत थांबण्याचा धीर किती सासवांना असेल?

मला संताप येतो तो याचा, की उपाय हाताशी आहे. १९४३ पासून पेनिसिलीन या रोगावर चालते. रोग नवा असेल तर बेंझाथीन पेनिसिलीनचे एकच इंजेक्शन, जुना असेल तर आठवड्याच्या अंतराने तीन. बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी आईला ते मिळाले तर मूल बहुधा वाचते. न मिळाले तर गर्भ जाऊ शकतो किंवा मूल रोग घेऊनच जन्मू शकते. असे असूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२२ साली जगात ८० लाख प्रौढांना हा रोग नव्याने झाला आणि सुमारे ७ लाख गर्भांना व बाळांना आईकडून लागला. अमेरिकेसारख्या संपन्न देशात २०२३ साली ३,८८२ बालके अशी नोंदली गेली. कारणे अनेक आहेत. कुठे औषधाचा तुटवडा, कुठे तपासणीच नाही. पण लाज हे कारण कोणत्याही तक्त्यात नीट बसत नाही.

आता खरा पेच. नवऱ्यालाही औषध दिल्यावाचून बायकोला पुन्हा रोग होण्याचे टळत नाही. त्याला सांगावे, तर तिचा संसार मोडेल. न सांगावे, तर ती पुन्हा आजारी. ‘रुग्णाचे गुपित डॉक्टरने राखावे’ हा नियम चांगला आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. परंतु नवऱ्यालाच आपला रोग ठाऊक असेल आणि बायकोला नसेल, तर त्याच्या लाजेला मी गुपित म्हणणार नाही. ती फसवणूक आहे. आणि बायकोने मारझोडीच्या धाकाने तोंड मिटले, तर तिला तोच शब्द लावायला माझी जीभ रेटत नाही. दोघांना एकच माप लावावे, असे तर्क सांगतो. मला ते पटत नाही.

त्यापेक्षा दोघांचे रक्त एकाच दिवशी का घेऊ नये? ‘प्रथम कोणात सापडला’ हा प्रश्नच मग उरणार नाही. सज्जन नवऱ्यांचा यात अपमान होतो, असे म्हणतात. बायकोचे रक्त घेताना हा विचार कोणाला सुचत नाही. नाहीतरी नवरा पिशवी सांभाळीत बाहेरच्या बाकावर बसलेलाच असतो. त्याला आत हाक मारायला कितीसा वेळ लागणार?