शेव्हेलमधून बोमाँट

कॅनडात 1966 ते 1969 या काळात जनरल मोटर्सची बोमाँट ही गाडी स्वतंत्र नावाने विकली जाई. बांधा शेव्हरलेच्या शेव्हेलचा, डॅशबोर्ड पॉन्टियॅकच्या घराण्यातला. पुढची जाळी आणि मागचे दिवे मात्र तिचे स्वतःचे. चिन्हात मेपलचं पान.

तिचं मॉडेल हौशी कारागीर शेव्हेलच्या 1:25 प्रमाणातल्या संचातून घडवतात. शेव्हेलची अक्षरं ओल्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासून काढायची, प्लॅस्टिकच्या केसाएवढ्या पट्ट्या चिमट्याने एकेक चिकटवत नवी जाळी उभी करायची. मला मोठं वाटतं ते डॅशबोर्डचं काम. इवल्याशा काचेतून तो नीट दिसतही नाही, तरी पॉन्टियॅकच्या दुसऱ्या संचातून आणून, कापून-तासून बसवतात. बोमाँट चालवलेल्या माणसाला ती आपली गाडी वाटावी, एवढ्यासाठी.