लाकडी खूण आणि देव

आदिलाबादच्या गोंड गावात झाडाखाली लाकडी खांब रोवलेला असतो. तो आकी पेनचा, गावाची राखण करणाऱ्या देवाचा. गोंडीत पेन म्हणजे देव. कुळाच्या देवाची, परसा पेनची, खूण वेगळी: लोखंडी भाल्याचं पातं आणि चवरी. ती जपून ठेवतात आणि पूजेच्या वेळी बाहेर काढतात. खांबाला मात्र आडोसा नाही. ऊन, पाऊस, वाळवी हे सगळं त्याला सोसावं लागतं. मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४०च्या दशकात तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या मारलावाईत राहून गोंडांच्या या धर्माचा अभ्यास केला. त्यांचा राज गोंडांवरचा ग्रंथ १९४८ साली आला.

खांब कुजला तर देवाचं काय होतं? बागेत वाफ्याशी रोवलेली पाटी मेथीचं नाव सांगते. पाटी मोडली म्हणून मेथी सुकत नाही. पण खांब निव्वळ पाटीही नाही. पाटीपुढे कोणी हात जोडत नाही, खांबापुढे जोडतात. देव लाकडात मावत नाही, तरी माणसानं कुठे उभं राहायचं हे लाकूडच ठरवतं. खुणेचं हे काम लहान नव्हे.

मग खूण टिकाऊ का करू नये? महाराष्ट्रात याचं उत्तर गावोगावच्या वीरगळांत, लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांत, मिळतं. दगड शतकानुशतकं उभे आहेत, पण बहुतेकांवर लेख नाही आणि वीर कोण हे गावाला सांगता येत नाही. कुठे त्यांना शेंदूर लागला, कुठे ते पारात बसवले गेले. दगड टिकला, ओळख गेली.

याउलट पुरीच्या जगन्नाथाच्या मूर्ती कडुनिंबाच्या लाकडाच्या. अधिक आषाढ येतो त्या वर्षी नवकलेवर, म्हणजे मूर्ती बदलण्याचा विधी, होतं. अलीकडे ते १९९६ आणि २०१५ साली झालं. जुन्या मूर्तीतला ब्रह्मपदार्थ डोळे बांधलेले सेवक नव्या मूर्तीत ठेवतात आणि जुन्या मूर्ती कोइली वैकुंठात पुरतात. इथे लाकडाचं कुजणं गृहीतच धरलेलं आहे. देवाचं देहांतर हीच पूजा, आणि ती पार पाडायची तर झाड शोधणारे, मूर्ती घडवणारे हात प्रत्येक पिढीत तयार असावे लागतात. दगडाला अशी गरज पडत नाही; कदाचित म्हणूनच वीरगळ मुके झाले.

मेळघाटातल्या कोरकू आदिवासींची रीत याहून कठोर. सिडोली विधीत मृताच्या नावानं मुंडा, म्हणजे कोरीव लाकडी फळी, रोवतात. तिच्यावर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरलेले असतात. मृत आता पितरांत सामील झाला, अशी श्रद्धा. पितर झालेल्याला पुन्हा वाट दाखवावी लागत नाही. त्यामुळे झाडाखाली फळी झिजत गेली, कोरलेला घोडेस्वार पुसट झाला, तरी विधीत काही उणं राहत नाही.