दुखणे आपले, सही कोणाची?

दुखणे अंगावर काढणे हा आपल्या घरांतला जुना गुण म्हणावा की जुनी खोड, हे ठरवणे कठीण आहे. कोकणातल्या तेलाच्या घाण्यापासून मुंबईच्या चाळीतल्या नळापर्यंत आपल्या आज्या-पणज्या वाकल्या, ओझी उचलत राहिल्या, आणि कंबर धरली की भिंतीला टेकून दोन मिनिटे उभ्या राहिल्या. औषध म्हणजे गरम विटेचा शेक. तक्रार केली तर घरचेच म्हणत, “वयाप्रमाणे चालायचंच.” आज घरचे म्हणतात, “सोसतेस कशाला? इंजेक्शन घेऊन टाक.” या दोन बोलण्यांत जमीन-अस्मानाचे अंतर दिसते खरे, परंतु ज्याचे दुखते त्याला दोन्ही वेळा कोणी काही विचारलेले नाही.

हे लिहिण्याचे कारण आमचीच कंबर. माझगावच्या सर एली कदूरी शाळेतून बाहेर पडून आम्ही परिचारिका झालो, काही वर्षे मुंबईत आणि पुढे बहरीनमध्ये नोकरी केली. त्या काळी रोगी उचलायला यंत्रे नव्हती. दोघींनी चादरीची टोके धरायची, “एक, दोन, तीन” म्हणायचे आणि उचलायचे. त्याचे व्याज शरीर आता वसूल करीत आहे. निवृत्तीनंतर अदलियात मुलाकडे राहतो. तेथल्या ज्या गल्ल्यांतून, उपाहारगृहांच्या दिव्यांखालून, रोज संध्याकाळी फेरी मारत असू, तेथून अर्ध्या वाटेवरून परतण्याची पाळी आली. डाव्या कुल्ल्यापासून टाचेपर्यंत कळ. शिंक आली तरी डोळ्यांपुढे काजवे. एम.आर.आय.मध्ये दिसले की मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेली आहे. सहा आठवडे गोळ्या झाल्या. मग डॉक्टरांनी एपिड्युरल इंजेक्शनचा पर्याय सांगितला. सुनेने त्याच दिवशी तारीख घेतली, आणि मुलगा हसून म्हणाला, “आई, जन्मभर दुसऱ्यांना सुया टोचल्यास, आता स्वतः घाबरतेस?”

घाबरलो नव्हतो. संमतीपत्र जेवणाच्या मेजावर ठेवलेले पाहिले आणि एक जुनी गोष्ट आठवली, ती आम्हांला सही करू देईना.

मुंबईच्या एका रुग्णालयात आम्ही नव्याने लागलो होतो. कोकणातून आलेल्या एका म्हातारीची दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया होती. कागद घेऊन गेलो, शाईची डबी पुढे केली. तिने विचारले, “बाई, हे केल्यावर मला खाली बसता येईल का? चूल खाली आहे आमची.” आम्ही म्हणालो, “ते उद्या डॉक्टरांना विचारा, आधी इथे अंगठा करा.” तिने केला. तिचे पुढे वाईट झाले असे नाही. परंतु तिचा प्रश्न डॉक्टरांपर्यंत कधी पोहोचलाच नाही. असे कितीतरी अंगठे आणि सह्या आम्ही घेतल्या. कागद पूर्ण झाला म्हणजे संमती झाली, असे आम्हांला खरोखरच वाटत असे.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये एका खटल्यात याच प्रश्नाचा निकाल दिला. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका सज्ञान स्त्रीवर, तिच्या आईची संमती घेऊन, मोठी शस्त्रक्रिया करण्यात आली होती. न्यायालयाने म्हटले की जिवाला तातडीचा धोका नसताना आईची संमती मुलीची संमती होत नाही; आणि उपचार कोणता, कशासाठी, त्याचे फायदे-तोटे काय, दुसरा मार्ग कोणता, हे पुरेसे सांगितल्यावाचून दिलेली संमती खरी नव्हे. आईची माया जेथे पुरी पडत नाही, तेथे मुलाची किंवा सुनेची माया तरी कशी पुरी पडावी?

तेव्हा आधी माहिती घेऊ. पाठीचा कणा ज्या पोकळीतून मज्जारज्जू आणि नसा वाहतो, तिच्या आवरणाबाहेरच्या जागेत हे औषध सोडतात. बहुधा स्टेरॉइड आणि बधिर करणारे औषध मिळून. कल्पना जुनी आहे. सन १९०१ मध्ये पॅरिसच्या सिकार आणि कातलें या दोन डॉक्टरांनी माकडहाडाजवळून या जागेत औषध सोडल्याचे स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. स्टेरॉइडची भर १९५० नंतरच्या दशकातली. स्टेरॉइडने नसेभोवतालची सूज उतरते, त्यामुळे पायाची कळ कमी होऊ शकते. मात्र सरकलेली गादी इंजेक्शनने जागेवर जात नाही.

गुण किती येतो? नस दबून पाय दुखत असेल तर काही आठवड्यांपुरता थोडा आराम पडतो, असे अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ मध्ये सांगितले की नवी आणि तीव्र सायटिका असेल तर याचा विचार करावा. नुसत्या कंबरदुखीला पाठीत इंजेक्शन देऊ नये. पोकळी अरुंद झालेल्या ४०० रोग्यांची अमेरिकेतली चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. स्टेरॉइड घातलेले आणि न घातलेले, दोघांत सहा आठवड्यांनी फरक जवळजवळ नव्हता. फेब्रुवारी २०२५ मध्ये बी.एम.जे. या नियतकालिकातल्या मार्गदर्शिकेने तीन महिन्यांहून जुन्या पाठदुखीला ही इंजेक्शने देऊ नयेत असा स्पष्ट सल्ला दिला, आणि वेदनातज्ज्ञांच्या काही संस्थांनी त्यावर हरकतही घेतली. म्हणजे जाणत्यांतही एकमत नाही.

धोके क्वचित, पण आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१४ मध्ये दृष्टी जाणे, पक्षाघात, मृत्यू अशा विरळा घटनांचा इशारा दिला. त्याआधी २०१२ मध्ये तेथे दूषित स्टेरॉइडच्या कुप्यांमुळे ७५० हून अधिक लोकांना बुरशीचा संसर्ग झाला आणि ६४ जण दगावले. त्यांत पाठदुखीसाठी गेलेली साधी माणसे बहुसंख्य होती. आमच्यासारख्या मधुमेह्यांची साखर काही दिवस चढते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगावेच लागते.

एवढे कळले म्हणजे निर्णय झाला का? नाही. आकडे अनेकांच्या कमरांचे असतात, कंबर एकाच माणसाची असते. येथे मनाला दोन मोह पडतात. एक सोसण्याचा. न घेता सहन केले की आपण थोर, असे आतून वाटते, आणि पुढे घरातल्या प्रत्येकाला ते थोरपण ऐकवले जाते. वेदनेत पुण्य आहे असे आम्हांला वॉर्डात एकदाही दिसले नाही. दिसली ती रात्रभर जागलेली, चिडचिडी झालेली, लोकांना नकोशी वाटणारी माणसे. दुसरा मोह घरच्यांना गप्प करण्याचा. मुलांना आपले कण्हणे बघवत नाही, तेव्हा त्यांच्या जिवाला शांती म्हणून सुई घ्यायची. हे प्रेम आहे. पण सुई त्यांच्या पाठीत जात नाही.

अखेर आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो आणि त्या म्हातारीचा प्रश्न विचारला, जरा उशिरा का होईना. म्हणालो, “हे घेतल्यावर नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडता येईल का?” डॉक्टर भले. ते म्हणाले, “काही आठवडे कदाचित येईल. पुढचे व्यायामावर आहे. पुष्कळांची कळ इंजेक्शनावाचूनही ओसरते. घाई नाही.” आम्ही तीन आठवडे मागून घेतले: रोज व्यायाम, थोडे थोडे चालणे, साखरेवर लक्ष. तोवर रात्रीची झोप परत आली नाही, किंवा कळेमुळे व्यायामच करता येईना, तर एकदाच इंजेक्शन घ्यायचे. मात्र पाय लुळा पडू लागला, लघवीवरचा ताबा गेला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर इंजेक्शनाचीही वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठायचे. घरी सर्वांना बसवून हे सांगितले. सून प्रथम रुसली, मग तिनेच तारीख पुढे ढकलली.

शेजारच्या इमारतीतल्या केरळी सिस्टरने मात्र त्याच महिन्यात इंजेक्शन घेतले. तिची नोकरी चालू आहे, गावी दोन मुली शिकत आहेत, पायांवर उभे राहणे तिला चुकत नाही. काही आठवड्यांचा आराम तिच्या दृष्टीने एका पगाराएवढा आहे. धोके तिला ठाऊक होते, सही तिने विचार करून केली. तिचे बरोबर आणि आमचेही बरोबर, असे म्हणण्यात आम्हांला अडचण वाटत नाही. दोघींनी आपापला प्रश्न विचारला होता.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी आई-वडील आता कंबर धरून उठतात. त्यांच्यापुढे कागद आला की तो भराभर वाचून दाखवू नका, आणि पेनही लगेच देऊ नका. आधी त्यांना विचारा की दुखणे कमी झाले तर प्रथम काय करावेसे वाटते. उत्तर यायला वेळ लागेल. आपल्याकडे असे कोणी विचारत नाही. आमचा कागद सध्या खणात आहे. तीन आठवड्यांतले नऊ दिवस झाले. काल चौथ्या दुकानापर्यंत जाऊन आलो.